मास्तरीण जमिनीवरचं खात नाही

ता. ६ जानेवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून फुगून बसू नकोस. पेन धरलं की माझी बोटं झोपी जातात. हे पत्रसुद्धा तीन बैठकांत लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण घरात खोल्या दोन आणि अण्णांचे कान अजून तरणेबांड. पत्राचं बरं असतं, खाली पेटीत पडतं आणि जिने काही त्यांना उतरवत नाहीत.

तर ऐक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन्ही मनगटांत शीर दबली आहे आणि उजव्या हाताची शस्त्रक्रिया या महिनाअखेरीस केलीच पाहिजे. नाहीतर अंगठा कायमचा जाईल. पुढे दोन महिने शिवण नाही, पिळणं नाही, उचलणं नाही. मी विचारलं की माणूस उचललेला चालेल का. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हते.

अण्णांना दोन महिने तुझ्याकडे ठेवावं म्हणते. तू आणि वहिनी हो म्हणाल याची मला खात्री आहे, अडचण त्यांच्या नाहीची आहे. शस्त्रक्रियेचं मी त्यांच्या कानावर घातलेलं नाही, उगाच घोर लावून घेतील. मी हवापालट म्हटलं, नातीचं नाव पुढे केलं. त्यांचं एकच, की मास्तरणीकडे कोण बघणार.

तू दोन वर्षांत फिरकला नाहीस म्हणून मास्तरीण कोण ते सांगते. झटका आल्यापासून त्यांची खुर्ची मी गच्चीच्या दारात ठेवते. सकाळी ते आधी माझ्या सुया ओवून देतात. उजवा हात गेला तरी घड्याळजीचा डोळा शाबूत आहे. बुचात सुई उभी खुपसायची, डोळ्याला ते जुनं भिंग लावायचं आणि डाव्या हाताने दोरा घालायचा. रोजच्या वीस सुया. ते झालं की तळव्यावर पावाचा चुरा घेऊन हात पुढे करून बसतात. असे किती महिने बसले कोण जाणे. मग एक दिवस एक साळुंकी थेट हातावर उतरली. छाती काढून चालते, वर्गात फेरी मारल्यासारखी, म्हणून ती मास्तरीण. आणखी एक आहे, तो पाण्याच्या टाकीवर उभा असतो, त्याचं नाव शिपाई. मला दोघं सारखीच दिसतात. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसता आवाज.

एका साळुंकीपायी माझा अंगठा जायची वेळ आली आहे. हसावं की रडावं कळत नाही. काहीतरी डोकं चालव.

छोटीला पापा. लोभ आहे तेवढा पुरे आहे, आता थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
ताई

---

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इतकं होईपर्यंत गप्प कशी राहिलीस? पण तुला विचारून काय उपयोग, लहानपणी पायात काच गेली तेव्हाही तू शाळा सुटेपर्यंत गप्पच होतीस.

अण्णांची सोय झाली असं समज. हिने छोटीचं टेबल हलवून खिडकीखाली पलंग लावायचं ठरवलंसुद्धा. माझी रजा मात्र एकाच दिवसाची मिळेल. सध्या लिफ्ट दुरुस्तीच्या तीन माणसांचं काम दोघांवर आलं आहे. काल एका सात मजली इमारतीत एक म्हातारी पाऊण तास अडकली होती. मी वरून आवाज देत होतो आणि ती आतून मला धीर देत होती, की बाळा, घाई करू नकोस. घरी आलो तो बूट न काढताच आडवा झालो.

मास्तरणीचं म्हणशील तर त्यात एवढं अवघड काय आहे? तिलाही घेऊन येऊ. आमच्या पोपटाचा, रावसाहेबांचा, जुना पिंजरा माळ्यावर पडून आहे, तो आमच्या कंपनीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतो. आमचा पोपट सहा वर्षं पिंजऱ्यातच आहे की. पेरू खातो, दाराची घंटा वाजली की कोण आहे म्हणून विचारतो, मजेत असतो. छोटीचा तर जीव आहे त्याच्यावर. अण्णांनाही त्यांचा पक्षी डोळ्यांसमोर राहील, आणि तुझा हात वाचेल.

पकडायची रीत तुला मी सांगायला नको. टोपली काठीवर टेकवायची, खाली दाणे टाकायचे, काठीला दोरा बांधून आडोशाला बसायचं. आपण लहानपणी असं करताना अण्णांनी बघितलं होतं आणि दोन दिवस आपल्याशी बोलले नव्हते, ते आठवतं. पण आता गोष्ट वेगळी आहे. आता त्यांच्यासाठीच करायचं आहे.

आपल्या मनगटाला जप. तुझ्या मायेवर आमचा हक्क आहे तसाच राहो.

तुझा,
गुंड्या

---

ता. १६ जानेवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

पिंजरा पोचला. चादरीत गुंडाळून कापडाच्या ताग्यांमागे ठेवला आहे. तो वापरायचा नाही असं मी ठरवलं आहे, हे आधी सांगते.

तुझी कमाल आहे बाबा. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढतोस आणि घरी येऊन पोपटाला पेरू भरवतोस. असे रानातले पक्षी घरात कोंडायला बंदी आहे, हे समोरच्या नर्सबाईंनी मला सांगितलं. तुला कोणी सांगितलं नाही का? की सगळी इमारत डोळ्यांवर कातडं ओढून बसली आहे?

काल पुन्हा अण्णांपाशी विषय काढला. पुन्हा नाहीच. मग थोड्या वेळाने त्यांनी भिंग उतरवलं आणि मला विचारलं की तू फार दमतेस का. मी म्हटलं, छे, मला काय धाड भरली आहे. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले आणि मग पुढची सुई ओवायला घेतली.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, २९ तारीख. काल एका कोटाची बाही उलटी जोडली. पूर्ण जोडून झाल्यावर कळलं. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. उसवत बसले आणि उसवताना कात्री तीनदा हातातून पडली.

बाकी ठीक. आठवण ठेव, तक्रार नाही.

ताई

---

ता. २३ जानेवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

हे पत्र वहिनीला दाखवू नकोस. मी ते केलं.

परवा सकाळी अण्णांना खुर्चीत बसवताना माझ्या हातातली ताकद एकदम गेली आणि ते खाली बसले. पडले नाहीत, अलगद बसले, पण जमिनीवर. अर्धा तास आम्ही दोघं तसेच फरशीवर बसून होतो, नर्सबाई ड्यूटीवरून येईपर्यंत. ते मला आजोबांच्या दुकानातल्या गमती सांगत होते आणि मी हसत होते. दुपारी त्यांचा डोळा लागला आणि मी ताग्यांमागून पिंजरा काढला.

त्यांचा तपकिरी स्वेटर अंगात घातला. कपड्यांची टोपली घेतली, मापाची लाकडी पट्टी तिला टेकू दिली, पट्टीला काळा दोरा बांधला आणि दाराआड बसले. खाली पावाचा चुरा. दहा मिनिटांत एक साळुंकी टोपलीखाली गेली. मी दोरा ओढला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या बोटांना एरवी काही कळत नाही, पण टोपलीतून पिंजऱ्यात घालताना त्या पक्ष्याचं काळीज धडधडत होतं ते मला नीट कळलं.

अण्णा जागे झाले. मी पिंजरा समोर ठेवला आणि म्हटलं की आता मास्तरीणही तुमच्याबरोबर येईल. त्यांनी भिंग मागितलं. घड्याळ उघडून बघायचे तसे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, की बाळ, हा शिपाई आहे. मास्तरणीच्या चोचीला उजवीकडे बारीक खाच आहे. आणि मास्तरीण जमिनीवरचं खात नाही, तिला हातावरचंच लागतं. खाली सांडलेलं शिपाई टिपतो.

दीड वर्ष ती माझ्या पाठीमागे येत होती रे. मी एकदाही मान वळवून बघितलं नाही.

तेवढ्यात ती आली. पिंजऱ्यावर बसली, तारांवर चोच मारत ओरडत राहिली. आतून हा धडका देत होता. अण्णांनी डाव्या हाताने दाराची कडी काढायचा प्रयत्न केला, त्यांना जमेना, आणि मलाही जमेना. दोघांचे मिळून तीन हात आणि एक कडी उघडत नाही. शेवटी मी दातांनी ओढली. शिपाई बाहेर पडला, पण पंखाची पिसं मोडली होती. कसाबसा टाकीपर्यंत गेला. मग दोघं पलीकडच्या छपरांवर दिसेनाशी झाली.

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. काल दिवसभर हात पुढे करून बसले, आजही बसले. कोणी आलं नाही. आज संध्याकाळी म्हणाले, की गुंड्याला लिही, मी येतो.

मला हवं होतं ते मिळालं. आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. रविवारी येऊन त्यांना घेऊन जा. पिंजराही ने, मला तो घरात नको.

माझ्यावर माया करायला सांगायचं या वेळी धाडस नाही.

ताई

---

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हाताचं नर्सबाईंकडून कळत असतं. टाके निघाले हे ऐकून हायसं वाटलं. चूक माझी आहे हे आधी लिहितो. पिंजरा मी पाठवला, रीत मी सांगितली. निघताना तू दारात पाठ करून उभी होतीस, तेव्हाच बोलायला हवं होतं, पण जिन्यावरून अण्णांची खुर्ची उतरवताना माझा श्वास माझ्यापाशी राहिला नव्हता.

अण्णा आता रुळले आहेत. पहिले दोन दिवस पलंगावर बसून रावसाहेबांकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायला सांगितलं. छोटीने रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबा माझा पोपट घालवणार म्हणून त्यांच्याशी बोलणं बंद. पण पोपट जाईल तर ना! दोन दिवस दाराकडे पाठ करून बसला. पाचव्या दिवशी दारापर्यंत आला, एक पाय बाहेर टाकला, कोण आहे म्हणून विचारलं आणि परत आत.

ताई, लिफ्टचं दार उघडल्यावर काही माणसं लगेच बाहेर येत नाहीत. दार उघडं असतं आणि ती कोपरा धरून उभी असतात. त्यांना हात द्यावा लागतो. मी इतकी वर्षं हे बघतो आहे आणि घरातल्या या पिंजऱ्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं.

जखमी पक्ष्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात फोन केला. तिथल्या बाईंनी माझी चांगली हजेरी घेतली. मग म्हणाल्या, की सहा वर्षांनी एकदम बाहेर सोडलात तर दोन दिवसही जगणार नाही. घेऊन या, आमच्याकडे मोठी जाळीची खोली आहे, तिथे इतर पोपटांबरोबर उडायला शिकेल. शिकेलच असं नाही, हेही म्हणाल्या. छोटीला अजून सांगितलेलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करतो आहे.

सोबत एक पुरचुंडी आहे, ती अण्णांची. आल्या आल्या बूच मागितलं, सुयांची दोन पाकिटं मागवली आणि रोज सकाळी ओवत बसतात. चाळीस झाल्यावर फ्लॅनेलच्या पट्टीत टोचून दिल्या, वीस पांढऱ्या दोऱ्याच्या, वीस काळ्या. ताईला पाठव म्हणाले. मी सांगितलं की तिला दोन महिने शिवायचं नाही. त्यावर म्हणाले, ठाऊक आहे, तू पाठव. त्यांना तुझ्या हाताचं कोणी सांगितलं? मी शपथेवर सांगतो, मी नाही.

बाकी क्षेम. तुझा ओरडा ऐकायला घर आसुसलं आहे.

तुझा,
गुंड्या

---

ता. २४ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहिते आहे. अण्णांना सांग, त्यांची शिष्या झाले.

पट्टी मिळाली. मशीनच्या खणात ठेवायला गेले आणि तिथेच बसून पोटभर रडले. पुढे लिहीत नाही.

मशीनवर कापड टाकलं आहे. सकाळी उठायची घाई नाही, तरी पाचलाच जाग येते. पहिला आठवडा नुसती झोपले. झोपून उठायचं आणि पुन्हा थकलेलंच वाटायचं, जणू इतक्या वर्षांचा थकवा रांग लावून उभा होता. मग एक दिवस काहीच सुचेना म्हणून त्यांची खुर्ची दारात ओढली आणि डाव्या तळव्यावर चुरा घेऊन बसले. स्वेटर घातला नाही. फसवायचं नव्हतं.

हात पुढे धरून बसणं किती अवघड आहे रे. पाच मिनिटांत खांदा भरून येतो. दहा मिनिटांत आपण मूर्ख आहोत असं वाटतं. अर्ध्या तासाने काहीच वाटेनासं होतं.

सोळा दिवस कोणी आलं नाही. काल दोघं टाकीवर दिसली. हो, दोघं. शिपायाचा एक पंख थोडा लोंबतो, पण उडतो. चोचीची खाच इतक्या लांबून दिसत नाही, पण छाती काढून चालणारी कोणती ते आता मलाही कळतं. अण्णा म्हणतात ते खरं आहे, दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. जवळ आली नाही. न येवो. मी तरी माझ्याजवळ आले असते का?

आता नीट वाच. हे अण्णांना सांगू नकोस. पक्षी आले म्हटलं तर ते उद्याच निघायचं म्हणतील. त्यांना एवढंच विचार की घरी यावंसं वाटतं का. मनापासून काय म्हणतील ते जसंच्या तसं कळव. एकदा मी त्यांच्या नाहीवर टोपली टाकली. आता हो असो, नाही असो, मला ते त्यांच्या तोंडचं हवं.

छोटीला सांगितलंस का? मोठ्यांनी आज-उद्या करण्याचे परिणाम माझ्याकडे बघून शिक.

माझी आठवण निघाली तर हसून काढा.

ताई

---

ता. ४ मार्च

चि. सौभाग्यवती नव्हे, पण माझी सगळ्यात हट्टी मुलगी, तिला
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताचं अक्षर आहे, दोघांचंही सारखंच वाईट. गुंड्याने तुझं पत्र वाचून दाखवलं. मधला एक परिच्छेद गाळून वाचत होता, पण त्याला लहानपणापासून खोटं बोलताना खोकला येतो. मग मी पत्रच मागून घेतलं.

रावसाहेब गेले. छोटी स्वतः पिंजरा मांडीवर घेऊन गेली. येताना रिकामा पिंजरा तिने केंद्रातच ठेवून दिला. माझ्याशी अजून बोलत नाही, पण काल गॅलरीत चुरा घेऊन हात पुढे करून बसली होती. पाच मिनिटांत कंटाळली. मी भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं, की मला अकरा महिने लागले होते. तिने ऐकलं असावं, आज दहा मिनिटं बसली.

आता तुझं. तुझी बोटं सुई नीट धरत नाहीत हे मला गेल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. ओवलेल्यातल्या निम्म्या सुया संध्याकाळी तशाच परत यायच्या, दोरासुद्धा न सुटता, आणि तू म्हणायचीस की आज काम कमी होतं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तुझ्या कात्रीखाली होती, तीही वाचली. म्हणूनच मी जात नव्हतो. मला वाटायचं, मी गेलो तर हिला सुया कोण ओवून देईल. मास्तरणीचं नाव पुढे केलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर तू हसून उडवलं असतंस. पक्षी बिचारे आपल्या दोघांच्या लपवाछपवीत सापडले.

मी तुला विचारलं होतं, दमतेस का म्हणून. तू हो म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी निघालो असतो.

तू विचारलं आहेस, घरी यावंसं वाटतं का. वाटतं. रोज वाटतं. पण आत्ता येणार नाही. महिना राहिला आहे, तो पूर्ण झोपून काढ. मग तुझ्या हाताने पत्र लिही, मी केव्हा यावं ते कळव, आणि त्यात दमले आहे की नाही ते खरं लिही. मग माझं खरं उत्तर येईल.

मास्तरीण हातावर येईल किंवा येणार नाही, ते तिचं तिने ठरवायचं आहे. आली तर बोटं मिटावीत असं मनातसुद्धा आणू नकोस, त्यांना ते तळव्यातून कळतं.

माझ्या मायेचं काही लिहीत नाही. ती तुझ्या खणात आहे.

अण्णा

ता. क. चाळीसपैकी एकाही सुईचा दोरा वापरायचा नाही. आल्यावर मी भिंग लावून मोजणार आहे.